बेंगळुरूच्या वाट्याचं ऊन

परवा सकाळी चहा पिताना अप्पा म्हणाले, "तो पंखा लाव जरा," आणि मार्च लागल्याचं माझ्या लक्षात आलं. तोवर खुणा पुष्कळ दिसल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं झाड सगळी पानं टाकून गुलाबी फुलांनी भरलं होतं. गच्चीवरचे कपडे आत आणताना पापडासारखे वाजत होते. के. आर. पुरमचा पूल ओलांडताना रिक्षाची रेक्झिनची सीट पोळत होती. पण आमच्या घरात उन्हाळा सुरू होतो तो अप्पांनी पंखा मागितला की. आणि पंखा मागणारे अप्पा ही तशी अलीकडची गोष्ट आहे.

अप्पा माझे सासरे. मूळचे मिरजेचे. तरुणपणी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथं आले आणि इथली हवा आवडली म्हणून इथलेच झाले. नोकरीत असताना त्यांनी हे घर बांधलं. स्लॅब टाकायच्या वेळी इलेक्ट्रिशियननं विचारलं होतं, पंख्याचे हुक कुठं कुठं सोडायचे? अप्पांनी सांगितलं, कुठंच नको, बंगलोरात पंखा लागतो कुणाला? त्यामुळे लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एकाही खोलीच्या छताला हुक नव्हता. मे महिन्यात मिरजेहून कुणी यायचं असलं की अप्पा फोनवर आवर्जून सांगायचे, येताना शाल आणा, पहाटे लागते. ही हवा आपणच कष्टानं जमवून ठेवली आहे, असा त्यांचा आवाज व्हायचा ते सांगताना.

मी निपाणीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. उन्हाळा म्हटलं की वखारीच्या तापलेल्या पत्र्याखाली भरून ठेवलेल्या तंबाखूचा वास माझ्या नाकात अजून येतो. त्यामुळे बेंगळुरूचं ऊन मी कधी ऊन म्हणून मोजलंच नव्हतं. आणि नेमकं तेच मोजायचं काम एका वर्षी माझ्या अंगावर आलं.

काही वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. पूर्वेकडच्या वस्त्यांमधल्या बोअरवेल आटल्या होत्या. टँकर आला की गल्लीत निरोप फिरायचा आणि लोक हातातलं काम टाकून खाली उतरायचे. मारतहळ्ळीच्या बाजूला मोठमोठ्या इमारतींमधून माणसं आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालत होती. त्याच सुमाराला मी एका सरकारी कचेरीत करारावर रुजू झाले. हवामान बदलतंय, त्याला राज्यानं तोंड कसं द्यायचं, याचा आराखडा तिथं तयार होत होता. मला दोन्ही भाषा लिहिता येतात आणि आधीची मुलगी नोकरी सोडून गेली होती, एवढ्या भांडवलावर उष्णतेचं प्रकरण माझ्याकडे आलं.

मला त्या कामाचं फार कुतूहल होतं. पूर आला की सरकार काय करतं ते आपल्याला ठाऊक असतं. नावा निघतात, शाळेत माणसं हलवतात, पुरीभाजीची पाकिटं वाटतात, मग पंचनामे होतात. पण जे अजून पुरतं आलेलंच नाही, हळूहळू येतंय, दर वर्षी थोडं थोडं येतंय, त्याची तयारी सरकार कशी करतं? एवढं मोठं राज्य. एका टोकाला समुद्र, मध्ये घाट, वर कलबुर्गी-रायचूरचं रखरखीत पठार. या सगळ्याला पुरेल असा एक कागद माणसं कशी लिहीत असतील? मी मनात भिंतभर नकाशे आणि पडद्यावर सरकणारे रंगीत ढग पाहिले होते. प्रत्यक्षात लोखंडी कपाटांची एक लांबट खोली होती, मधोमध टेबल, टेबलावर बिस्किटांच्या बश्या, आणि भोवती वेगवेगळ्या खात्यांची माणसं, आपापल्या घड्याळाकडे बघत.

आराखड्यातला मुख्य कन्नड शब्द होता 'होंदाणिके'. जुळवून घेणं. माझ्या लग्नात निपाणीच्या शेजारच्या अक्कानं मला कानात हेच सांगितलं होतं, सासरी होंदिकोंडु होगु, जुळवून घेऊन राहा. तो शब्द सरकारी टिपणीच्या वर ठळक अक्षरांत बघून मला पहिल्या दिवशी हसू आलं. दर बैठकीत कुणीतरी 'स्वल्प ॲडजस्ट माडी', जरा ॲडजस्ट करा, हा विनोद करायचंच आणि बाकीचे, तो आधी ऐकलेला असल्यामुळे, भिडेखातर हसायचे.

पहिल्याच बैठकीत मला कळलं की ऊन कुणाचंच नाही. पाणी तुंबलं तर ते कुणाचं हे ठरलेलं असतं. आग लागली तर कुणाला बोलवायचं हे लहान मुलालाही माहीत असतं. उन्हाचं तसं नव्हतं. महसूलवाल्यांनी ते आरोग्य खात्याकडे सरकवलं. आरोग्यवाले म्हणाले, माणूस आजारी पडल्यावर आमच्याकडे येतो, त्याआधी तो कामावर असतो, म्हणजे कामगार खातं. कामगार खात्याचे गृहस्थ म्हणाले, फूटपाथवरचा विक्रेता आमच्या नोंदीतच नाही, तो महापालिकेचा. कुणी चिडून बोलत नव्हतं. सगळे मनापासून विचार करत होते आणि प्रत्येकाला खरोखरच ते दुसऱ्याचं वाटत होतं.

आमच्या प्रमुख होत्या बिरादार मॅडम. कलबुर्गी जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका गावच्या. मराठी त्यांना छान यायची, कन्नडच्या हेलातली, आणि आम्ही दोघीच असलो की त्या मराठीतच बोलायच्या. उंच, सावळ्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घालणाऱ्या. बेंगळुरूच्या उन्हाबद्दल कुणी काही बोललं की त्या चष्म्यावरून बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "रेखा, तुमच्या इथल्या उन्हात आमच्याकडची पोरं खेळायला बाहेर पडतात."

त्यांनीच मला सांगितलं की त्यांच्या भागात उन्हाळ्याचे दोन महिने सरकारी कचेऱ्या सकाळी लवकर उघडतात आणि जेवणाच्या वेळेला बंद होतात. मला ते फार नवलाचं वाटलं. म्हणजे आम्ही ज्याच्यावर पानंच्या पानं लिहीत होतो ते तिथं कधीचंच चालू होतं. ते पहिल्यांदा कुणाला सुचलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते त्यांनाही माहीत नाही. लहानपणी वडील दुपारी घरी असायचे आणि चटईवर पाणी शिंपडून झोपायचे, एवढं आठवतं.

बेंगळुरूत मात्र, कागदावर, उष्णतेची लाट येतच नव्हती. हवामान खात्याच्या हिशेबात लाट म्हणायला पारा जिथवर चढावा लागतो, तिथवर इथला पारा सहसा जातच नाही. घरी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "बघ, सरकारनंच लिहून दिलं," म्हणाले.

त्याच महिन्यात अप्पा पडले.

मारतहळ्ळीला त्यांचे कारखान्यातले एक जुने सहकारी राहतात. त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळून अप्पा दुपारी बसनं परत यायचे. मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कितीदा सांगितलं होतं, कॅब करून या. पण त्यांना बस आवडायची, खिडकीतून शहर बघायला मिळतं म्हणून. रस्ता रुंद करताना तिथल्या थांब्याजवळची झाडं गेली होती आणि छत अजून बसवायचं होतं. बस काही येईना. मी कचेरीतून सहज, जेवलात का विचारायला फोन केला, तर एका बाईनं उचलला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "आजोबा खाली बसलेत, बोलत नाहीयेत. तुम्ही घाबरू नका, पण लगेच या."

मी पोचेपर्यंत त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. खाटेभोवतीचा पडदा बाजूला सारला त्या क्षणी मला वास आला मोगऱ्याचा. फिनेलच्या, स्पिरिटच्या वासावर मात करून दाट, ओला, देवघरातल्यासारखा वास. अप्पा डोळे मिटून पडले होते, हाताला सलाईन, आणि डोक्याला-मानेला एक ओलं मळकट फडकं गुंडाळलेलं. त्या फडक्यात मोगऱ्याच्या दोन-चार कळ्या अडकून राहिल्या होत्या. थांब्याशेजारी गजरे विकणाऱ्या बाईनं आपल्या टोपलीवरचं ओलं फडकं काढून त्यांना गुंडाळलं होतं, दोघा पोरांना थांबवून छत्री धरायला लावली होती आणि रिक्षा मिळेपर्यंत पाणी शिंपडत राहिली होती. डॉक्टर म्हणाले, तेवढं केलं ते बरं झालं. पुढं काय होऊ शकलं असतं ते त्यांनी अर्धंच सांगितलं आणि मीही पूर्ण विचारलं नाही.

संध्याकाळी अप्पा बोलायला लागले तेव्हा त्यांनी आधी मला चष्मा मागितला आणि मग म्हणाले, काही झालं नव्हतं, जरा बसलो होतो. ते घरी आल्यानंतरच्या रविवारी नवऱ्यानं ड्रिलवाल्याला बोलावलं. अप्पांनी धूळ पडू नये म्हणून स्वतः वर्तमानपत्रं अंथरून दिली आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. छताला भोकं पडत असताना ते बाहेर आले नाहीत.

त्या फुलवाल्या बाईंना भेटायला मी गेले. नाव रत्नम्मा. माझ्याच वयाच्या असतील. मी त्यांचं फडकं धुऊन नेलं होतं, ते बघून त्यांना गंमत वाटली. कशाला धुतलंत, म्हणाल्या, पुन्हा ओलंच करायचंय. त्यांनी माझ्यासाठी स्टुलावर जागा केली आणि मी पाऊण दुपार तिथं बसून राहिले. डांबराची झळ साडीच्या आतून वर येत होती. समोरून बस गेली की वारा यायचा, पण तो इंजिनाचा गरम वारा. काचेच्या उंच इमारतीवरून परतलेलं ऊन थांब्यावर दुसऱ्यांदा पडत होतं.

देवनहळ्ळीच्या बाजूला रत्नम्मांच्या भावाचा थोडा मळा आहे. आजूबाजूला सगळे प्लॉट पडलेत, मध्ये त्याचा मोगरा. कळ्या उजाडायच्या आत खुडून पहिल्या बसनं इकडे येतात. पूर्वी त्या संध्याकाळपर्यंत मिटलेल्या राहायच्या, ऑफिसातून परतणाऱ्या बायका गजरे घ्यायच्या. हल्ली उन्हाळ्यात दुपारीच उमलून पिवळ्या पडतात. म्हणून त्यांनी विक्री सकाळवर आणली होती. दुपारी मग का बसता, मी विचारलं. उरलेली फुलं टाकवत नाहीत, म्हणाल्या. मी काय काम करते हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या कागदात झाड लिहिता येतं का? इथं होतं ते."

मी लिहिलं. पण आता मला तेवढ्यावर थांबवेना. दुपारी शहर कसं दिसतं हे बघायची मला ओढच लागली. मारतहळ्ळीच्या मागच्या अंगाला एक मोठी इमारत उभी राहत होती आणि तिच्या कडेला मजुरांच्या निळ्या पत्र्यांच्या शेडची रांग होती. मी दुपारी तिथं गेले तर शेड रिकाम्या. बायका आणि लहान मुलं होती ती त्या अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर, सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला, गार फरशीवर. बहुतेक सगळी कलबुर्गी-रायचूरकडची माणसं. एक बाई तर मॅडमच्याच तालुक्यातली निघाली. मांडीवरच्या बाळाला पदरानं वारा घालत होती. मी तिला विचारलं, तुमच्या गावाकडे तर याहून कितीतरी कडक ऊन. मग इथं बरं वाटत असेल ना? तिनं माझ्याकडे पाहिलं. तिकडे ऊन बाहेर असतं, म्हणाली. घर दगडाचं, आत गेलं की झालं. इथं बाहेर बरं असतं, घरच तापतं.

मी परत आले ती हे वाक्य तोंडात धरूनच. एवढे दिवस आम्ही पारा किती चढला ते विचारत होतो. माणूस कुठल्या छपराखाली बसला आहे ते त्या आकड्यात कुठं येत होतं?

आराखड्यात एक प्रयोग करायचा होता. छपरांवर ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचा आणि आतली हवा किती उतरते ते बघायचं. पैसा एकाच भागाला पुरणार होता. कलबुर्गीकडच्या पत्र्याच्या अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रं हे ठरल्यातच जमा होतं. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, हा प्रयोग मारतहळ्ळीच्या शेडवर करू या. माझं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. मग विचारलं, "त्या शेड कुणाच्या?"

मी म्हटलं, बिल्डरच्या.

"इमारत झाली की?"

उचलून दुसरीकडे नेतात, मी म्हटलं.

"मग मी रंग कुणाच्या छपराला लावू, रेखा? सरकारला फक्त आपल्या छपराला रंग लावता येतो. अंगणवाडी माझी आहे. उपकेंद्र माझं आहे. ती शेड माझी नाही. तिच्यासाठी मी फक्त लिहू शकते."

मला राग आला होता. अप्पांचं ते ओलं डोकं माझ्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, त्या शेडमधल्या बायका तुमच्याच तालुक्यातल्या आहेत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या एकदम थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "माहीत आहे. माझा चुलतभाऊ याच शहरात असल्या पत्र्याखाली राहून गेलाय. आमच्याकडे एखादं पोर दुपारी सावलीत नीट बसलं, एखादी बाळंतीण त्या उपकेंद्रात नीट निजली, तर एखादं घर गाव सोडून यायचं थांबेल. कदाचित. त्या कदाचितवर मी सही करतेय. तुझं म्हणणं खोटं नाही, पण रंगाचा डबा एकच आहे."

सही झाली. प्रयोग उत्तरेकडे गेला. बेंगळुरूच्या वाट्याला माझ्या प्रकरणात एक परिच्छेद आला, आणि शेडसाठी एक वाक्य: असे निवारे देणाऱ्यांनी ते उष्णतारोधक ठेवावेत असे सुचवण्यात येते. 'सुचवण्यात येते' हे दोन शब्द मला कितीतरी दिवस दातात अडकल्यासारखे वाटत राहिले.

घरी मी हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांची बाजू घेऊन भांडून आल्यासारखंच सांगितलं. ते पंख्याखाली बसले होते, अजून जरा संकोचून, पाहुण्याच्या खुर्चीत बसल्यासारखे. ऐकून म्हणाले, "तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. मी उन्हानं पडलो नाही, हट्टानं पडलो. टोपी होती, कॅबला पैसे होते, घरी दुपारी थांबता येत होतं. त्या अंगणवाडीतल्या पोरांना यातलं काय आहे?"

मग जरा वेळानं ते त्यांच्या कारखान्याबद्दल बोलू लागले. तिथं त्यांचं काम यंत्रं तपासायचं होतं. नवं यंत्र एका बंद कपाटात ठेवून हळूहळू तापवत न्यायचं आणि ते कुठं दगा देतं ते बघायचं. बरीचशी यंत्रं शेवटपर्यंत बरोबर आकडा दाखवत राहतात, म्हणाले, आणि मग एकदम थांबतात. आधी काही कळत नाही. थांब्यावर आपल्यालाही आधी काही कळलं नव्हतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. मग त्यांनी मला विचारलं की सरकार बेंगळुरूचं तापमान मोजतं ते नेमकं कुठं बसून?

मी सांगितलं. मोकळ्या आवारात, गवतावर, सावलीच्या पांढऱ्या पेटीत. मोजायची रीतच तशी आहे, सगळीकडे सारखी असावी म्हणून.

"रीत बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "पण बसची वाट कुणी त्या पेटीत उभं राहून बघत नाही."

पुढच्या आठवड्यात मी बैठकीत असताना त्यांचा फोन आला. मी घाबरून बाहेर धावले. अप्पा मारतहळ्ळीच्या थांब्यावरून बोलत होते. टोपी घातली आहे, पाणी आहे, कॅबनं आलोय, हे आधी सांगून टाकलं त्यांनी. जुन्या पेटीतला आपला तापमापक शोधून काढून ते रत्नम्मांच्या छत्रीखाली जाऊन बसले होते. "अगं, इथं तुझ्या सरकारपेक्षा बरंच जास्त आहे," म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, उलट कितीतरी वर्षांनी कामावर परत गेल्यासारखा उत्साह होता. मागून रत्नम्मा काहीतरी बोलल्या ते मला ऐकू आलं. अप्पा म्हणाले, ही म्हणते की आजोबांना सांगा, पाणी प्या.

त्या महिन्यात ते आणखी बऱ्याचदा गेले. उन्हात नाही, छत्रीखाली. त्यांची कन्नड कामापुरतीच, रत्नम्मांना मराठी शून्य, पण दोघांचं काय काय बोलणं व्हायचं. अप्पांचे आकडे मी सरकारी कागदात घालू शकत नव्हते, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बेंगळुरूच्या परिच्छेदात त्यांनी आपल्या हातानं एक ओळ वाढवली, की शहरातलं तापमान रस्त्यावर, बाजारात, बसथांब्यावर, माणूस जिथं उभा असतो तिथंही मोजलं जावं. ही ओळ कुठल्या खात्याची, असा प्रश्न पुढच्या बैठकीत निघालाच. या वेळी मॅडम म्हणाल्या, ते ठरत नाही तोवर आमची. आणि ते लिहून घेतलं गेलं.

आराखडा छापून आला. वळीव पडला आणि शहर ते सगळं विसरून गेलं, जसं ते दर वर्षी विसरतं. पण कागद हळूहळू चालतो, हे मला या नोकरीत कळलं आहे. मारतहळ्ळीच्या त्या थांब्यावर आता एका खांबाला मोजणीची लहानशी पांढरी पेटी आहे. रत्नम्मांनी छत्रीची दांडी त्याच खांबाला बांधून टाकली आहे, त्यामुळे पेटी योग्य आकडा देते की नाही यावर अप्पांचा आणि त्यांचा अजून वाद आहे. छत आलं. झाड आलेलं नाही. शेडच्या वाक्यातलं 'सुचवण्यात येते' जाऊन 'बंधनकारक राहील' यावं म्हणून या वर्षीच्या सुधारित आराखड्यात मी पुन्हा लढते आहे आणि अजून जिंकलेले नाही. परवाच्या बैठकीत एक नवीन अधिकारी म्हणाले, बेंगळुरूत कुठं एवढं ऊन आहे? मला रागच आला नाही. हा प्रश्न मीच एके काळी विचारला असता, म्हणून मी त्यांच्याकडून दुपारी माझ्याबरोबर मारतहळ्ळीला यायचं कबूल करून घेतलं.

बिरादार मॅडम मध्यंतरी निवृत्त झाल्या आणि गावी राहायला गेल्या. भाचीच्या लग्नासाठी आल्या होत्या, त्या गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन. अप्पांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्या दिवसांचं मनात साठवलेलं त्यांनी ताटावर बसल्या बसल्या विचारून टाकलं: रंग लावल्यावर अंगणवाडीतलं तापमान किती उतरलं?

मॅडम म्हणाल्या, मोजणारी माणसं येऊन गेली, आकडा यायचाय.

"तरी अंदाजे?" अप्पा म्हणाले.

मॅडमनी भाकरी मोडली. म्हणाल्या, अंदाज मला सांगता येत नाही. आमच्या गावच्या अंगणवाडीत मी दुपारी जाऊन बसते. पूर्वी जेवणं झाली की पोरं त्या पत्र्याखाली नुसती रडायची. सेविका आणि मदतनीस दोघी पुठ्ठ्यानं वारा घालायच्या, शेवटी लिंबाखाली आणून बसवायच्या. आता जेवली की आडवी होतात. आया न्यायला येतात तर उठत नाहीत. परवा मदतनीस माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की बाई, यांना उठवता उठवता माझी बस चुकते.

अप्पांचा हात ताटावरच थांबला. त्यांनी ते नीट डोक्यात बसवून घेतलं.

"सगळी झोपतात?" त्यांनी विचारलं.

"एक पोरगी सोडून," मॅडम म्हणाल्या. "पण ती हिवाळ्यातही झोपत नाही."